एका नावेंतील मुलें

सुट्टी लागली म्हणजे मुलाबाळांना घेऊन चार दिवस कोठें तरी जावें, आणि साधलें तर पाण्यावरून जावें, ही हौस आतां केवळ मुंबईकरांची राहिलेली नाहीं. सोलापूर जिल्ह्यास समुद्र नाहीं. परंतु टेंभुर्णीपासून थोड्याच अंतरावर भीमा नदीवर उजनीचें धरण झालें, तें 1980 सालीं पुरें झालें, आणि एके काळीं दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मुलखांत ‘यशवंतसागर’ पसरला. हिवाळ्यांत भिगवणच्या बाजूस रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. ते पाहण्यासाठीं होड्यांतून सहकुटुंब फेरी करणारांची तेथें गर्दी होते. ज्यांची ऐपत अधिक ते मुंबई गांठतात, आणि 2021 सालीं तेथून सुरू झालेल्या मोठ्या पर्यटक-जहाजाच्या सफरीवर दोन-तीन रात्री समुद्रांत काढून येतात.

होडी असो वा जहाज असो, निघण्यापूर्वीं प्रत्येक घरांत एक प्रश्न उपस्थित होतोच. मुलें किती न्यावयाचीं? आपलीं दोन, कीं धाकट्या भावाचींही? बहिणीचा मुलगा सुट्टीसाठीं येऊन राहिला आहे, त्याचें काय? तान्हें मूल बरोबर घ्यावें कीं आजीजवळ ठेवावें? हा प्रश्न जागेचा आणि भाड्याचा आहे असें समजून तो बहुधा पांच मिनिटांत निकालांत निघतो. आमचें म्हणणें असें आहे कीं, हा प्रश्न मुळांत नीतीचा आहे. मूल हें किती मोजावें, असा तो प्रश्न आहे. आणि त्याचें उत्तर आपण सोयीप्रमाणें बदलीत असतों, हें थोडा विचार केल्यास कोणाच्याही ध्यानांत येईल.

प्रथम भाराचा विचार करूं. मुलें मोजूं नयेत, दृष्ट लागते, असा जुना समज अद्याप कांहीं घरांत आहे. त्यामागील माया आम्ही जाणतों. तथापि या मायेहूनही जास्त नुकसान दुसऱ्या एका संवयीनें होतें. एस. टी.च्या गाडींत पांच वर्षांखालील मूल फुकट जातें आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलास अर्धें तिकीट पडतें. त्यामुळें लहान मूल म्हणजे अर्धा मनुष्य, आणि मांडीवरचें मूल म्हणजे कोणीच नव्हे, असा हिशेब आपल्या अंगवळणीं पडला आहे. होडी भरत आली कीं, “लहानच आहे, बसेल मांडीवर,” असें म्हणून आणखी एक मूल आंत घेतलें जातें. पाण्याला हें अर्धें तिकीट ठाऊक नाहीं. मोठ्या माणसाच्या मापाचें तरंगतें जाकीट लहान मुलाच्या अंगांतून निसटून जातें, आणि मांडीवरच्या मुलास धरणारे हात होडी कलतांच आधारासाठीं फळी शोधूं लागतात.

2024 सालच्या मे महिन्याच्या 21 तारखेस सायंकाळीं याच जलाशयांत, करमाळा तालुक्यांतील कुगांवहून इंदापूर तालुक्यांतील कळाशीकडे निघालेली एक होडी वादळी वाऱ्यांत उलटली. होडींत सात जण होते. एक जण पोहून कांठास लागला. सहा जण बुडाले, आणि त्यांत दोन लहान मुलें होतीं. ती सहल नव्हती. धरणाच्या पाण्यानें समोरासमोरचीं गांवें एकमेकांपासून तोडलीं आहेत. सडकेनें जावयाचें तर मोठा वळसा पडतो, म्हणून तेथील लोक नित्याच्या कामासाठीं होडींत बसतात. जें पाणी आपण चार घटकांच्या करमणुकीसाठीं निवडतों तें त्यांच्या नशिबीं रोजचें आलेलें आहे, एवढें तरी हौसेनें जाणारानें विसरूं नये. कोकणांत तर 17 जुलै 1947 रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसें गेलीं, आणि तो दिवस कित्येक घरांच्या आठवणींत पिढ्यान् पिढ्या राहिला. कुटुंबाची समाईक आठवण म्हणजे नेहमीं हंसऱ्या चेहऱ्यांचीच असते असें नाहीं. म्हणून सांगावयाचें तें इतकेंच, कीं नावेच्या कांठावर मुलें मोजावीं, मोठ्यानें मोजावीं, आणि प्रत्येक मूल एक असें मोजावें.

आतां याच्या उलट प्रकार पाहा. भार मोजतांना जें मूल शून्य होतें, तेंच मूल खर्च मोजतांना एकाएकीं भारी होतें. जहाजावरील खोल्यांची रचनाच अशी असते कीं, त्यांत दोन प्रौढ माणसें, आणि फार तर वरच्या घडीच्या शय्येवर आणखी दोन मुलें मावावींत. म्हणजे कुटुंब कोणाला म्हणावें, हें खोलीच्या लांबी-रुंदीनें आधींच ठरवून ठेवलेलें असतें. तेव्हां “जागा नाहीं” हे शब्द निघतात. हे शब्द पुष्कळदां खरेही असतात. परंतु जागा नसते ती नेमकी कोणाला? वडिलांचें छत्र हरपलेल्या पुतण्याला नसते. माहेरीं परत आलेल्या बहिणीच्या मुलीला नसते. जी थोरली मुलगी तान्ह्याला सांभाळूं शकते तिला नसते. ज्याच्या बाजूनें बोलणारें कोणी नाहीं त्याच्याच वाट्याला जागेची टंचाई येते, असा अनुभव एकत्र कुटुंबांत वाढलेल्या कोणाही वाचकास असेल.

कोणी म्हणेल कीं, सर्वांना सर्वत्र नेणें कोणाच्या ऐपतींत आहे? हा आक्षेप रास्त आहे, आणि सर्वांना न्यावेंच असा आमचा आग्रह नाहीं. ज्याच्या खिशांत चौघांचें भाडें आहे त्यानें आठजणांसाठीं कर्ज काढावें, असें कोणताही नीतिशास्त्रज्ञ सांगणार नाहीं. परंतु वगळण्याच्याही रीति असतात. पाळीनें नेणें ही एक रीत आहे. वयाची अट सर्वांस सारखी लावणें ही दुसरी. आणि महाग जहाजाऐवजीं सर्वांना परवडेल अशी जवळची होडी निवडणें ही तिसरी, व आमच्या मतें सर्वांत चांगली. या तिन्हींत राहिलेल्या मुलास कारण सांगतां येतें. पहांटे तें झोपलेलें असतांना पाय न वाजवितां निघून जाणें, ही रीत मात्र कोणत्याही काटकसरीनें समर्थनीय ठरत नाहीं. कारण त्या दिवसाची आठवण त्या मुलालाही राहणारच असते. नावेंत बसलेलीं मुलें कदाचित् पक्षी विसरतील. परंतु कांठावर राहिलेलें मूल आपण राहिलों होतों हें विसरत नाहीं. कुटुंबाच्या स्मृतींत त्याचाही वाटा पडतो, आणि तो फार दिवस टिकतो.

येथपर्यंत गणतीचा विचार झाला. परंतु ज्या हेतूनें मुलांना नेलें जातें तो हेतु अजून तपासावयाचा आहे. “मुलांना आठवण राहील,” असें आई-बाप म्हणतात. आठवण कोणाची, आणि ती समाईक कशी होते?

समजा, पळसदेवच्या बाजूस एक कुटुंब होडींतून चाललें आहे. तेथील जुनें देवालय धरणाच्या पाण्यांत गेलें. पाणी फार ओसरलें म्हणजे तें पुन्हां उघडें पडतें. आजोबा त्या बाजूच्या बुडालेल्या गांवचे असतील, तर त्यांना पाण्याखालीं वेस दिसते, बाजार दिसतो, लग्नाची मिरवणूक गेलेली वाट दिसते. मुलाच्या बापाला दिसतें तें ऊंस पिकविणारें पाणी, ज्यावर त्याचें घर उभें राहिलें. मोठ्या नातीला गुलाबी पंखांचे पक्षी दिसतात. धाकट्याला ओला झालेला सदरा आणि डब्यांतले लाडू, यांहून कांहीं दिसत नाहीं. नाव एक, पाणी एक, घटका एक. आणि आठवणी चार. मग समाईक आठवण म्हणून कांहीं वस्तु आहे कीं नाहीं?

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मॉरिस हाल्बवाक्स यानें 1925 सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असें प्रतिपादन केलें कीं, मनुष्य एकटा आठवीत नाहीं. कुटुंब, धर्म, वर्ग अशा समूहांच्या चौकटींतच त्याची स्मृति उभी राहते. आम्हांस हें मत बव्हंशीं पटतें. मात्र त्यांत एक भर घालावीशी वाटते. चौकट एक असली म्हणजे आंतील चित्र एक असलें पाहिजे असें नाहीं. चौघांच्या चार आठवणी एकमेकांसमोर बोलल्या जातात, खोडल्या जातात, पुरवल्या जातात, तेव्हां समाईक आठवण जन्मास येते. “होडी डुलली तेव्हां तूं रडलास,” “मी नव्हे, ती रडली,” हें भांडण दहा वर्षें चालत राहिलें, तर तेंच त्या सहलीचें खरें फळ होय. आजोबांची वेस नातीच्या कानावर पडते; नातीचा पक्षी आजोबांच्या बुडालेल्या गांवावर येऊन बसतो. वडिलार्जित जमीन वांटली म्हणजे प्रत्येकाचा तुकडा लहान होतो. आठवण वांटली म्हणजे प्रत्येकाचा वाटा मोठा होतो.

परंतु या वांटणीत मुलाचा वाटा बहुधा दडपला जातो. घरांत गोष्ट निघाली आणि लहानग्यानें कांहीं सांगूं म्हटलें, कीं “तूं लहान होतास, तुला काय आठवणार?” असें म्हणून त्याला गप्प करण्यांत येतें, आणि वडील मंडळींची गोष्ट तीच सर्वांची गोष्ट ठरते. हल्लीं त्यास छायाचित्रांची जोड मिळाली आहे. प्रत्येकाच्या मोबाइलमध्यें शेंकडों चित्रें असतात. पण चित्र घेणारा बहुधा बाप किंवा आई असते, म्हणून मूल स्वतःच्या सहलीकडे जन्मभर मोठ्यांच्या नजरेनें पाहत राहतें. पहिल्या दोन-तीन वर्षांतलें बहुतेक कांहीं मनुष्यास पुढें आठवत नाहीं, हें खरें आहे. म्हणून तान्ह्याला नेणें व्यर्थ, असें मात्र अनुमान निघत नाहीं. त्याच्या वतीनें इतर जण आठवण जपतात व योग्य वेळीं त्याच्या स्वाधीन करतात. ते त्या आठवणीचे विश्वस्त होत. त्याहून मोठ्या मुलांविषयीं अमेरिकेंतील रॉबिन फिव्हुश व इतर मानसशास्त्रज्ञांचें निरीक्षण उद्बोधक आहे. ज्या घरांत आई-बाप घडलेल्या गोष्टींविषयीं मुलांना मोकळे प्रश्न विचारतात, त्यांच्या उत्तरांत भर घालतात व सावकाश बोलतात, तेथील मुलें स्वतःचे अनुभव अधिक भरघोसपणें सांगूं लागतात. याचा अर्थ असा कीं, आठवण जहाजावर विकत मिळत नाहीं. ती पुढें घरीं, रात्रीच्या जेवणाच्या वेळीं, मुलाचें ऐकून घेतल्यानें तयार होते.

आतां मुलांची संख्या किती, या मूळ प्रश्नाकडे वळूं. राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांत दर स्त्रीमागें मुलांचें सरासरी प्रमाण 1992-93 सालीं 2.9 च्या सुमारास होतें. 2019-21 च्या पाहणींत तें 1.7 वर आलें. यांत खेद करण्याजोगें कांहीं नाहीं. स्त्रीच्या शरीरावरचा व संसारावरचा भार हलका झाला, ही इष्टच गोष्ट आहे. परंतु त्याबरोबर एक कर्तव्य उत्पन्न झालें आहे. बालपणाला साक्षीदार लागतात. आई-बाप हे साक्षीदार खरे, पण सृष्टिक्रमानें ते आधीं जावयाचे. एकुलत्या एका मुलाच्या पन्नाशींत, “त्या दिवशीं होडींत काय झालें होतें?” असें विचारावयास कोण उरतें? भाऊ-बहीण नसतील तेथें चुलत-मावस भावंडें, शेजारचीं मुलें, वर्गांतला सोबती, यांनीं ती जागा भरावयाची असते. म्हणून आपल्या एका मुलाबरोबर दुसऱ्याचें एक मूल नेणें हा आम्ही उपकार समजत नाहीं. त्यानें आपल्याच मुलाला एक साक्षीदार मिळतो. मात्र नेलेल्या मुलाला, आपण कोणाच्या भाड्यानें आलों, हें एकदांही ऐकूं येतां कामा नये. नाहीं तर त्याच्या आठवणींत पक्ष्यांऐवजीं तेवढेंच वाक्य राहील.

सारांश, नावेंत किती मुलें असावींत याला एकच आंकडा सांगतां येणार नाहीं. होडीची शक्ति, बरोबरचीं सुरक्षेचीं साधनें आणि घराची ऐपत यांवर तो अवलंबून आहे. परंतु गणतीचा नियम एकच आहे. भारांत मूल एक मोजावें, म्हणजे तें बुडणार नाहीं याची काळजी घेतली जाईल. आमंत्रणांत तें एक मोजावें, म्हणजे तें मुकाट्यानें कांठावर राहणार नाहीं. आणि पुढें गोष्ट निघेल तेव्हां त्याचें म्हणणें एक मोजावें, मग तें पक्ष्यांविषयीं असो वा लाडवांविषयीं. या तीन ठिकाणीं आपला हिशेब सारखा राहिला, तर यशवंतसागरावरची तासाभराची फेरीही मुलांना जन्मभर पुरेल. तो ठिकठिकाणीं बदलत राहिला, तर मोठ्या जहाजावरच्या तीन रात्रींतूनही घरीं परत येतील तीं फक्त छायाचित्रें.