आधी प्रश्न, मग श्वास

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



आमच्या यवतमाळहून आर्णी, धनोडा करत पैनगंगा ओलांडली की माहूर येते. दत्तप्रभू काशीला स्नान करतात, कोल्हापूरला भिक्षा मागतात आणि माहूरला निद्रा घेतात, अशी आपली परंपरागत श्रद्धा आहे. निद्रेसाठी प्रभूंनी आमच्या शेजारचा डोंगर निवडला याचा आम्हा लोकांना मोठा अभिमान. पण नदीच्या अलीकडे राहणाऱ्या आमच्यापैकी कितीजणांना रात्री शांत झोप लागते? कुणाला कर्जाची काळजी, कुणाला मुलीच्या लग्नाची, कुणाला काहीच कारण नसताना लागलेली. बँकेतून निवृत्त झाल्यावर मलाही वाटले होते की आता डोक्याला ताप नाही. तसे काही झाले नाही. मन रिकामे राहत नाही. बँकेचे ओझे उतरले की ते दुसरे उचलते.

म्हणून दोन गोष्टींचा विचार या लेखात करायचा आहे. मनाची शांती कशाने येते, आणि आजूबाजूला लोक दुःखात असताना ती मिळवणे योग्य आहे का?

हल्ली शांतीच्या बाजारात दोन परदेशी शब्द फार ऐकू येतात. एक 'स्टोइक' आणि दुसरा 'चिगाँग'. मी कॉमर्सचा विद्यार्थी, तत्त्वज्ञान कधी शिकलो नाही. निवृत्तीनंतर वेळ होता म्हणून वाचले. स्टोइक हा जुन्या ग्रीस-रोममधला विचारपंथ. त्यातले दोन मोठे लोक बघा. एपिक्टेटस हा आधी गुलाम होता, पायाने अधू होता. त्याने स्वतः काही लिहिले नाही, त्याच्या शिष्याने टिपून ठेवले. दुसरा मार्कस ऑरेलियस. तो इ.स. १६१ ते १८० या काळात रोमचा सम्राट होता. साथीचे रोग आणि सीमेवरच्या लढाया यांच्या धामधुमीत तो स्वतःलाच समजावणाऱ्या नोंदी लिहीत असे. एक गुलाम, एक बादशहा, पण दोघांचे सांगणे एकच. काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात. हातात नसलेल्यांसाठी मन जाळू नये आणि हातात असलेल्यांत कसूर करू नये.

चिगाँग चीनचे. 'ची' म्हणजे प्राण किंवा श्वास आणि 'गाँग' म्हणजे सरावाने कमावलेले कौशल्य. उभे राहून हातपाय संथपणे हलवायचे, श्वास त्या हालचालीला जोडायचा आणि लक्ष तिथेच ठेवायचे. हे नाव अलीकडचे असले तरी प्रकार फार जुना आहे. चीनमध्ये मावांगतुई येथे १९७३ साली एका थडग्याच्या उत्खननात रेशमी कापडावरचा एक चित्रपट सापडला. थडगे इ.स.पूर्व १६८ मधले, आणि कापडावर व्यायाम करणाऱ्या ४४ स्त्री-पुरुषांच्या आकृत्या. आता काही लोक ही दोन्ही जोडून करतात. डोक्यासाठी स्टोइक विचार, शरीरासाठी चिगाँग.

हे वाचताना मला वाटले, अरे, ही जोडणी तर आपल्या दत्तप्रभूंनी करून ठेवलेली आहे! मार्कंडेय पुराणात राणी मदालसा आणि तिचा मुलगा अलर्क यांची कथा आहे. अलर्क राजा होता. त्याचाच भाऊ सुबाहू काशीच्या राजाला घेऊन त्याच्यावर चालून आला. खजिना आटला, नगराला वेढा पडला. तेव्हा त्याला आईने दिलेल्या अंगठीची आठवण झाली. अंगठीत सत्संगाचा उपदेश कोरलेला होता. तो वाचून अलर्क थेट दत्तात्रेयांकडे गेला आणि म्हणाला, माझे दुःख दूर करा.

आता प्रभूंनी काय केले ते लक्ष देऊन पाहा. त्यांनी लगेच मंत्र दिला नाही, आसन सांगितले नाही. त्यांनी आधी प्रश्न विचारला. तुझे दुःख नेमके कशामुळे आहे? कुणाला होते आहे? विचार करून सांग. अलर्क विचार करत गेला आणि शेवटी त्याचे त्यालाच हसू आले. या संवादात एक साधा दृष्टान्त येतो. मांजराने घरची पाळलेली कोंबडी खाल्ली तर जीव हळहळतो, पण त्याच मांजराने चिमणी किंवा उंदीर खाल्ला तर काही वाटत नाही. मांजर तेच, मरण तेच. फरक फक्त 'माझे' या शब्दाचा.

एपिक्टेटस जवळजवळ हेच सांगतो, फक्त त्याच्याकडे कोंबडीच्या जागी पेला आहे. शेजाऱ्याच्या घरी पेला फुटला की आपण म्हणतो, असे व्हायचेच. मग आपल्या घरी फुटला की तेच का म्हणत नाही? दोघांची भेट झालेली नाही, भाषा वेगळी, देश वेगळा, पण दोघांचे बोट बरोबर एकाच दुखऱ्या जागी पडले.

मला हे पटायला जड गेले नाही, कारण माझा जन्म रोखपालाच्या पिंजऱ्यात गेला. दिवसाला लाखो रुपये या हातांतून गेले. ते मोजताना कधी छाती धडधडली नाही, आणि देऊन टाकताना कधी वाईट वाटले नाही. का? तर ते माझे नव्हते. पण याचा अर्थ मी बेफिकीर होतो असा नाही हं! संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय घरी जाता येत नसे. शंभर रुपये कमी आले तर ते रोखपालाच्या खिशातून जात. म्हणजे मालकी शून्य आणि जबाबदारी पूर्ण. अनासक्ती म्हणजे काय हे मला कुणी विचारले तर मी एवढेच सांगेन. एपिक्टेटसही म्हणतो की जे गेले ते हरवले म्हणू नये, परत केले म्हणावे. बँकेच्या भाषेत ती ठेव होती, मुदत संपली, ज्याची त्याने काढून घेतली. तोवर नीट सांभाळणे आपले काम.

इथपर्यंत सगळे ठीक होते. पण माझ्या पुतण्याने मला अडवले. तो शेती करतो. काही वर्षांपूर्वी वेचणीला आलेला त्याचा कापूस परतीच्या पावसात सापडला. मी त्याच्या घरी जाऊन हेच अलर्काचे आख्यान सांगू लागलो, तर तो म्हणाला, "काकाजी, तुमाले महिन्याले पेन्शन येते. तुमची शांती पोट भरल्यावरची हाय. आमची बोंडं झाडावर सडून राह्यली, आमी काय नाक धरून बसू काय?"

या प्रश्नाला टाळून पुढे जाता येत नाही. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले त्यांत आपला यवतमाळ होता, आणि कशामुळे होता हे सांगायला नको. अशा जिल्ह्यात मनःशांतीवर लेख लिहिणाऱ्याने या पोराला उत्तर दिले पाहिजे.

उत्तर मला त्याच पुराणात मिळाले. अलर्काच्या मनाची गाठ सुटल्यावर दत्तात्रेय त्याला योग शिकवतात. प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान असा क्रम आहे. त्यात एक पथ्य सांगितले आहे. भुकेल्याने, थकलेल्याने आणि ज्याचे चित्त व्याकूळ आहे त्याने योगाला बसू नये. म्हणजे पुतण्या जे म्हणाला ते प्रभूंनाही मान्य आहे! भुकेल्याला आधी भाकर, थकलेल्याला आधी विसावा. व्याकूळ माणसाला आधी कुणीतरी जवळ बसून शांतपणे विचारावे, बाबा, नेमके काय झाले? त्यानंतर श्वास.

मग मी आख्यान बंद केले आणि दोघे मिळून कागद घेऊन बसलो. पाऊस आपल्या हातात आहे का? नाही. बाजारभाव? नाही. पीकविम्याला नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यायची, असा तेव्हा नियम होता. ते हातात आहे? आहे, आणि त्यातला एक दिवस आधीच गेला होता. शेताचे फोटो काढले, सूचना दिली, कर्जाच्या हप्त्यासाठी काय अर्ज करता येईल ते पाहिले. पुढे मिळालेली रक्कम नुकसानीच्या मानाने थोडीच होती. पण त्या रात्री तो जेवला आणि झोपला. शांती ही कुणाला भाषणातून देता येत नाही. त्याच्या हातातले काम त्याला दाखवता येते आणि त्या कामात हात लावता येतो.

आणखी एका कथेबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. या अवधूताला आपण दत्तप्रभूच मानतो. नाथमहाराजांनी यावर विस्ताराने टीका लिहिली आणि ती काशीत शके १४९५ मध्ये पूर्ण केली. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीचे किल्लेदार आणि थोर दत्तभक्त. म्हणजे कारभार सांभाळून अनुष्ठान करणारे. या चोवीस गुरूंत एक कपोत आहे. पारध्याच्या जाळ्यात त्याची पिले सापडतात, मागोमाग कपोती जाते आणि शेवटी तोही त्याच जाळ्यात स्वतःला झोकून देतो. लहानपणी कीर्तनात ही कथा ऐकली तेव्हा वाटायचे, प्रेम करू नका असे सांगणारी ही कथा फार कोरडी आहे.

आज या वयात, या जिल्ह्यात राहून ती मला वेगळी ऐकू येते. पिलांवर माया केली हा कपोताचा दोष कसा म्हणावा? घडायचे ते घडून गेले होते. त्याला अजून पंख होते, समोर आभाळ होते, आणि तरीही तो जाळ्यात गेला. अवधूत त्याला गुरू म्हणतो ते इथे. दुःख होऊ नये असे त्याचे म्हणणे नसावे. दुःख झाले म्हणून स्वतःला जाळ्यात टाकू नये, हा पाठ आहे. आमच्या गावागावांत ज्या घरांनी कर्ता माणूस असा गमावला, त्यांना हा पाठ कुणी वेगळा शिकवायला नको. ज्याच्या मनात असे विचार येत असतील त्याने एकट्याने प्राणायाम करत बसू नये. घरच्यांशी, डॉक्टरांशी बोलावे. १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर केव्हाही मोफत बोलता येते, मराठीतही. मदत मागणे हेही हातातलेच काम आहे.

आता श्वासाकडे येतो. नुसता विचार पुरत नाही हे मी अनुभवाने सांगतो. दुपारी सगळे पटते आणि रात्री दोनला काहीच पटत नाही. कारण छातीतली धडधड तर्क ऐकत नाही. तिला तिच्या भाषेत समजवावे लागते, आणि ती भाषा म्हणजे श्वास. पुराणात प्राणायामाच्या तीन पायऱ्या आहेत, बारा मात्रांची, चोवीसची आणि छत्तीसची. मात्रा म्हणजे पापणी मिटून उघडण्याचा वेळ. माहूत जसा हत्तीला हळूहळू वळवतो तसा प्राण वळवावा, असेही म्हटले आहे. आजचे डॉक्टरही सांगतात की श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून श्वास सोडणे लांबवले की जीव शांत होतो.

विदर्भात हे शिकायला चीनला जावे लागत नाही. नागपूरला रामनगरात जनार्दनस्वामींचे योगाभ्यासी मंडळ आहे. (हे जनार्दनस्वामी अलीकडच्या काळातले.) त्यांनी योग विनामूल्य शिकवला. तिथे शिकून आलेल्या एका गुरुजींकडून मी साधा अभ्यास घेतला. पहाटे अंगणात उभे राहून श्वास घेत हात हळू वर, सोडत हळू खाली. मग बसून श्वास मोजायचा, घेताना चार, सोडताना सहा. म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास. दम कोंडायचा नाही. ज्यांना रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. चिगाँगची चित्रे पाहिली तर याच्याशी बरेच जुळते. कुणी ते केले तरी माझी हरकत नाही. प्राण काही पासपोर्ट विचारत नाही.

पण क्रम विसरू नये. नुसता श्वास घेतला आणि 'माझे माझे' तसेच ठेवले, तर शांती पंधरा मिनिटांची. नुसता विचार केला आणि शरीर तापलेलेच ठेवले, तर शांती पुस्तकातली. आणि दोन्ही करून शेजाऱ्याच्या सडलेल्या बोंडांकडे पाहिले नाही, तर तिला शांती म्हणू नये, ती झापड आहे. कोंबडी आणि चिमणीचा दृष्टान्त दोन्ही बाजूंनी वाचता येतो. आपली कोंबडी गेली तर चिमणी गेल्यासारखे धीराने घ्यावे हे एक. आणि दुसऱ्याची चिमणी गेली तर आपली कोंबडी गेल्यासारखे धावून जावे हे दुसरे. पहिले एपिक्टेटसने शिकवले. दुसरे आपल्या संतांनी जगून दाखवले.

यंदा पौर्णिमेला पाळणा झाला, सुंठवडा वाटून झाला की घरी परतताना प्रत्येकाने स्वतःला अलर्काला विचारलेला प्रश्न विचारावा. माझे दुःख नेमके कशाचे? मग गल्लीत ज्याच्या घरी दिवा उशिरापर्यंत जळत असेल त्याच्याकडे दहा मिनिटे बसून यावे. त्यानंतर अंथरुणावर पडून सहा अंक मोजत श्वास सोडावा. नदीपलीकडे प्रभू झोपलेले आहेत. त्यांच्या शेजाऱ्यांनाही झोप लागावी, एवढीच चरणी प्रार्थना.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥