बर्फातली मोटार आणि तपाचा हिशेब

वाट जितकी खडतर तितकं पुण्य मोठं, हा हिशेब आपल्या मनात फार खोल रुजलेला आहे. मग भर हिवाळ्यात, बर्फाने निसरड्या झालेल्या घाटांतून जुन्या मोटारी मुद्दाम हाकणाऱ्यांनाही तपस्वी म्हणायचं का? माँटे कार्लोची पहिली रॅली १९११च्या जानेवारीत झाली. युरोपातल्या निरनिराळ्या शहरांतून गाड्या मोनॅकोकडे निघाल्या, आणि त्यामागचा हेतू उघड धंद्याचा होता: थंडीतही पैसेवाले पाहुणे तिथे यावेत. देवाधर्माचा काडीचा संबंध नाही. तरी जुन्या गाड्यांसाठी आज तिथे जी वेगळी रॅली भरते, तिचा नियम विचार करायला लावतो. सगळ्यांच्या आधी पोचणारा जिंकत नाही. ताशी ५० किलोमीटरच्या आतला नेमून दिलेला सरासरी वेग जो अचूक राखतो, तो जिंकतो. शेजारी बसलेल्याच्या मांडीवर रोडबुक, हातात स्टॉपवॉच. उशीर झाला तर दंड, आणि लवकर पोचलं तरी दंडच. उतारावर मोकळा रस्ता मिळाला तरी पाय आवरायचा. १९९९ साली सुरू झालेल्या आपल्या 'रेड द हिमालया'तही वेगाच्या शर्यतीखेरीज असा वेळ पाळण्याचा गट होता.

माझं म्हणणं असं की यात तपासारखं काही असेल, तर ते बर्फात नाही, या आवरण्यात आहे. गीतेचा सतरावा अध्याय तपाची प्रतवारी लावतो, ती कष्टांच्या मापाने नाही. मानासाठी, दिखाव्यासाठी केलेलं तप तिथे राजस ठरतं. हट्टाने स्वतःला पिडणारं किंवा दुसऱ्याचं वाटोळं करणारं तामस. वारीतही हेच दिसतं.  पंढरीच्या वाटेवर मुक्काम ठरलेले, दिंड्यांचा क्रम ठरलेला. चार दिवस आधी पोचल्याचं कौतुक कुणी करत नाही. अर्थात वारीत विठ्ठल आहे आणि रॅलीत फार तर करंडक, म्हणून दोन्ही एका पंगतीला बसवता येणार नाहीत. साम्य आहे ते शिस्तीपुरतंच.

यावर रोकडा आक्षेप असा: नांदेडहून येणारा रस्ता वारंगा फाट्यावर फुटतो, एक हिंगोलीकडे, एक यवतमाळमार्गे नागपूरकडे. तिथून रात्रभर ट्रक नेणाऱ्या, धुक्यात उसाची ट्रॉली चुकवणाऱ्या ड्रायव्हरसमोर ही हौशी तपश्चर्या म्हणजे श्रीमंतांचे चोचले नाहीत का? चोचले आहेतच. पण म्हणून त्या ड्रायव्हरच्या जागरणाला तप म्हणून ओवाळणंही मला मान्य नाही. ते त्याने निवडलेलं नसतं, भाड्याच्या गणिताने लादलेलं असतं. त्याला आरती नको, झोप हवी. दुसरा आक्षेप जास्त जड आहे: स्वतःचा जीव धोक्यात घालण्याचा हक्क मानला, तरी रस्त्याकडेच्या माणसाचं काय? इटलीतल्या मिले मिल्याने याचं उत्तर रक्ताने दिलं. १९५७ साली भरधाव फेरारीचा टायर फुटला आणि गाडीतल्या दोघांसह नऊ प्रेक्षक ठार झाले. त्यांत पाच मुलं होती. ती शर्यत तिथेच संपली. १९७७ पासून ती पुन्हा भरते, तशाच जुन्या गाड्या घेऊन, पण घड्याळ आता वेग आवरणाऱ्याच्या बाजूने चालतं.