आधार देणारा व आधार घेणारा

मिऱ्यांचा वेल आपल्या बळावर उभा राहूं शकत नाहीं. कोंकणांतील बागांत तो नारळ, सुपारी, आंबा, फणस, पांगारा अशा जिवंत झाडांवर चढवितात. तर मग तो परोपजीवी म्हणावा काय? आम्ही म्हणतों, नाहीं. बांडगूळ झाडाच्या अंगांत मूळ घालून त्याचा रस शोषितें; हा वेल पेरांच्या मुळ्यांनीं सालीस केवळ धरून राहतो व अन्न जमिनींतूनच घेतो. आधार घेणें निराळें, शोषण करणें निराळें.

परंतु देणाऱ्यास आधार फुकट पडत नाहीं. वेलास उजेड मिळावा म्हणून पांगाऱ्याच्या फांद्या छाटतात. शिवाय एकाच मातींतील पाणी दोघांस वांटून घ्यावें लागतें. कोणी म्हणेल, त्यापेक्षां मेलेला खांब बरा. तो कांहीं मागत नाहीं. खरें, पण तो कुजतो, आणि भरला वेल घेऊन कोसळतो.

२००६ च्या सुमारास केरळांत पानांवर गांठी आणणाऱ्या एका सूक्ष्म किडीनें पांगारे वाळूं लागले, तेव्हां त्यांवरील मिऱ्यांचे वेलही संकटांत आले. पीक मिऱ्यांचें मोजतात. पांगाऱ्याची आठवण तो मेल्यावर होते.

घरोघरींही असेंच घडतें. शिकलेला धाकटा घराचें नांव काढतो. त्याच्यासाठीं शाळा सोडून ज्या थोरल्यानें नांगर धरला, त्यास कोण विचारतो? वाचकहो, टेकण्यांत लाज नाहीं. ज्यावर टेकलों, त्याच्या मुळाशीं पाणी न घालण्यांत आहे.