सरवा

कोजागिरीआधीच्या रविवारी आम्ही मुलाबाळांसह बेळगावजवळ एका घरच्या शेतावर गेलो. भुईमुगाची काढणी चाललेली. माणशी पैसे भरायचे, वेल उपटायचे, शेंगा खायच्या. मुलांनी खाल्ल्या कमी, उधळल्या जास्त. त्या घरची आजी मागून वाकून सरवा वेचत होती.

मी म्हटलं, "राहू द्या की आजी, पैसे दिलेत आम्ही."

"पैसे मला पोचले बाळा, शेंगेला कुठं पोचले?"

फुलाची आरी मातीत शिरते, तिथं अंधारात शेंग भरते. पेरणीपासून चारेक महिने. पैसे दिले की नासाडीचाही हक्क मिळतो का? खरं सांगतो, मन आधी 'हो'च म्हणालं होतं.

लेकीला घेऊन आजीशेजारी बसलो. तासाभरात अर्धी पाटी भरली.