तुळस, थंडी आणि क्षेम



आजचं वाचन गीतेच्या नवव्या अध्यायातलं, श्लोक २२. योगक्षेमाचं आश्वासन देणारा श्लोक, बऱ्याच जणांना पाठ असेल. योग म्हणजे जवळ नाही ते मिळणं, क्षेम म्हणजे आहे ते राखलं जाणं. मी आज क्षेमापाशीच अडकले, कारण गेल्या वर्षी याच श्लोकाच्या भरवशावर मी एक तुळस मारली.

मी इंग्लंडमध्ये राहते, रेडिंगला. इथे तुळस म्हणजे लाडावलेली पाहुणी. रात्रीचं तापमान दहा अंशांच्या खाली गेलं की ती रुसते, आणि दव गोठलं की संपतेच. त्यात गंमत बघा, तुळशीच्या लग्नाचे दिवस आणि इथलं पहिलं गोठलेलं दव, दोन्ही साधारण एकदमच येतात. आपण तिला नटवतो तेव्हाच तिच्या जिवाला घोर.

गेल्या वर्षी लग्न लावलं. मैत्रिणीने दिलेल्या मंजिरीपासून वाढवलेलं रोप, अंतरपाट म्हणून माझी ओढणी. रात्री फोनवर तापमान ३ अंश दिसत होतं. नवरा म्हणाला, "कुंडी आत घेऊ या का?" मी म्हटलं, "तुळस अंगणातच असते. आणि ज्याची आहे तो बघेल की." फार भक्तिभावाने म्हटलं हो! खरं सांगायचं तर मी पांघरुणात शिरले होते आणि उठायचा कंटाळा आला होता.

सकाळी पानं काळी पडून लोंबत होती, उकडल्यासारखी. मग कळलं की हवामानखात्याचा आकडा जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवरच्या हवेचा असतो. आकाश निरभ्र असेल, वारा नसेल, तर जमिनीलगत त्याहून कितीतरी गार होतं. ३ अंश असतानाही पानांवर बर्फ धरतो.

आईला फोन केला. ती म्हणाली, "अगं, पंढरपुरात विठोबाला थंडीत रजई घालतात, कानपट्टी बांधतात. आणि तुला तुळशीवर साधं फडकं टाकवलं नाही?"

त्या दिवसापासून प्रश्न डोक्यात आहे. फडकं मीच टाकायचं, तर तो वाहतो म्हणजे नक्की काय? आणि तोच वाहतो म्हणून मी झोपून राहिले, ती श्रद्धा की आळस? (माझ्यापुरतं उत्तर मला माहीत आहे.)

यंदा बागेत एक जपानी केळही आहे. तिच्यासाठी पातळ पांढरं कापड आणलं, इथे त्याला फ्लीस म्हणतात. मला वाटायचं कापड ऊब देतं. नाही देत. दिवसभर उन्हाने तापलेली माती रात्री ऊब सोडते, कापड ती फक्त थोडा वेळ अडवून धरतं. सूर्य माझा नाही, माती माझी नाही. माझं काम चार चिमटे लावण्याचं. पण ते चिमटे दुसरं कुणी लावणार नव्हतं, हेही तितकंच खरं.

आणि अति काळजीचंही सांगते. सुरुवातीला घाबरून मी केळीला प्लॅस्टिक गुंडाळलं आणि आठवडाभर सोडलंच नाही. आत पाणी साचलं, खोड एका बाजूने कुजायला लागलं. तेव्हा "मी वाचवतेय" हाच जप चालला होता माझा, हरीचा नव्हता. आता खोडाभोवती पेंढा, वर फ्लीस, आणि ऊन आलं की उघडायचं. कधीकधी वाटतं, माझ्या हौसेपायी या बिचाऱ्यांना इतक्या गार देशात आणायचंच कशाला? पण आता आणल्यात, तर त्यांचं करायला हवं.

आज आकाश स्वच्छ आहे, वारा पडलाय. नवी तुळस स्वयंपाकघरात घेतली, खिडकीच्या गार काचेपासून जरा लांब. तिच्याजवळ दिवा लावला, नामस्मरण झालं. केळीला चिमटे लावून आले. सकाळी आठचा गजर लावलाय, कापड काढायला.

राम कृष्ण हरि.