कर्जाचा दोष कोणाच्या माथी?

एका देशाची तूट ही दुसऱ्याची शिल्लक असते; साऱ्या जगाच्या चालू खात्यांची बेरीज तत्त्वतः शून्यच. मग नैतिक दोष एकट्या ऋणकोचा कसा? शिल्लक साठवणाऱ्या देशांवरही आकार लावावा, ही अर्थतज्ज्ञ केन्सची योजना होती. तेव्हाच्या सर्वांत मोठ्या धनकोने, अमेरिकेने, ती स्वीकारली नाही. ही माझ्या मते मोठी नैतिक चूक होती.

कर्जसंकटात सापडलेल्या ग्रीसने तुटीचे खरे आकडे दडवले होते, हा आक्षेप रास्तच आहे आणि त्या लबाडीचे समर्थन होऊ शकत नाही. पण व्याज घेणाऱ्याने जोखीमही पत्करलेली असते. बुडीत कर्जाचा भार त्यानेही उचलायला हवा. 1953 च्या लंडन करारात पश्चिम जर्मनीचे सुमारे निम्मे परकीय कर्ज माफ झाले. सही करणाऱ्या धनकोंत ग्रीसही होता.