लोखंडाचे पैसे

पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठावरच्या एका गावात एक म्हातारा राहत होता. उमेदीची सगळी वर्षं त्याने किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात साचेकामात काढली होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली उजाड माळावर वसवलेला तो कारखाना. तिथून आधी लोखंडी नांगर आणि पुढे पंप गावोगाव गेले. म्हातारा वाळूचे साचे करायचा. भट्टीत जाणारा भंगाराचा ढीग नुसता बघून तो वजन सांगायचा, आणि सहसा चुकायचा नाही.

निवृत्तीच्या पैशातून त्याने एक जुनी जीप घेतली. जीप घरची, पण राबली गावासाठी. पहाटे दुधाचे कॅन, हंगामात द्राक्षांच्या पेट्या, रात्री-अपरात्री एखादी अडलेली बाळंतीण. 2005 च्या महापुरात गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना त्याने तिच्यातूनच पलूसला पोचवलं. आसपासची माणसं त्या जीपला नंबरावरून ओळखत. एमएच 10 च्या पुढचे ते आकडे लांबून दिसले की म्हणत, आबा आले.

2019 च्या पुरात मात्र तिची पाळी आली. माणसं आणि जनावरं निघाली, जीप मागे राहिली. पाणी ओसरलं तेव्हा सीटवर वीतभर गाळ होता. मेकॅनिकने इंजिनातली तेलाची कांडी ओढून म्हाताऱ्यापुढे धरली. तिच्यावर काळं तेल नव्हतं; दूध जास्त पडलेल्या चहासारखं काहीतरी ओघळत होतं.

"इंजिन गेलं, आबा," तो म्हणाला. "करायचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर जाईल."

जीप लिंबाखाली ढकलून ठेवली, ती तिथेच राहिली. चाकं बसली. मागच्या बाकावर कोंबड्या अंडी घालू लागल्या. तिला काढायचं कुणाच्या मनात आलं नाही, कारण ती काढायला येणारंही कुणी नव्हतं.

मग एका वर्षी गोडी छाटणी तोंडावर आली आणि मुलाच्या हातात पैसा नव्हता. दोन एकर द्राक्षबाग. छाटणीची मजुरी, पेस्टिंग, पुढच्या फवारण्या. त्याने लिंबाखाली बघितलं आणि दोन-चार ठिकाणी शब्द टाकला.

पहिला माणूस लांबून आला. स्वच्छ कपडे, गोड बोलणं. त्याने बॉनेट उघडलं नाही, खाली वाकून बघितलं नाही. आल्या आल्या विचारलं, "कागदं हायत न्हवं?"

"हायत की. आरसी बुक हाय," मुलगा म्हणाला.

"मग 55,000 देतो. रोख. टोचन आमचं, त्याचं काय द्यायचं न्हाय. आरसी बुक द्या आन् एका कागदावर सही द्या. नंबर रद्द करायच्या भानगडीत पडू नका, आमचं आमी बघतो."

दुसरा आला तो पलूसजवळचाच भंगारवाला. तो चिखलात आडवा झाला, चासीवर हातोडी ठोकून बघितली आणि उठून हात पुसत म्हणाला, "आबा, काट्यावर घालू. किलोचा भाव चाललाय तो देतो. 30-32 हजार होतील. टोचन करून मीच नेतो, भाडं नको. पर आदी चासी नंबर कापून घ्या, सांगलीला आरटीओत जमा करा. नंबर रद्द झाल्याचा कागद दावला की गाडी उचलतो."

"लई उठाठेव सांगतोय," मुलगा तो गेल्यावर म्हणाला. "त्यो 55 देतोय, आन् ह्याला 30 ला द्यायची?"

म्हातारा काही बोलला नाही. संध्याकाळी तो जीपभोवती हळूहळू फिरला. चासी, दोन अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स, इंजिनाचा बीड. एकेका भागाला हात लावून त्याने मनात वजन धरलं, आजच्या भावाने गुणलं. पुन्हा एकदा गुणलं. हिशेब 32 हजारांच्या वर जात नव्हता.

रात्री जेवताना त्याने सुनेला विचारलं, "बाई, वरचे 23 हजार कशाचे असतील गं?"

"मामा, आपल्याला काय करायचंय? देतोय तर घ्यावं," ती म्हणाली. बागेची काळजी तिलाही होती.

सकाळी पहिला माणूस क्रेनची गाडी घेऊन हजर झाला. नोटांचं पुडकं त्याने ओसरीवर ठेवलं. म्हाताऱ्याने पुडक्याला हात लावला नाही.

"असं करा," तो म्हणाला, "मला 55 नकोत. 25 च द्या. गाडी घेऊन जावा. कागदं तेवढी माझ्याकडं ऱ्हाऊ द्या, चासी नंबराचा तुकडाबी मी कापून घेतो."

मुलगा चमकून बापाकडे बघू लागला. आलेला माणूस गप्प झाला. मग हसला. "आबा, कागदाबिगर गाडी घेऊन मी काय करू?"

"लोखंड हाय की. ओतायला जाईल."

तो माणूस जरा जवळ सरकला. आवाज खाली आणला. "मग उलटं करू. गाडी तुमालाच ऱ्हाऊ द्या. मला नुसतं आरसी बुक आन् त्यो नंबराचा तुकडा द्या. 20 हजार आत्ता मोजतो. गाडी परत भंगारात घाला, त्याचे पैसे येगळे."

ओसरीवर कुणी बोललं नाही. हिशेब सरळ होता. 20 हे आणि 30 ते, पुरते 50 हजार होत होते. छाटणी निघत होती, फवारण्याही निघत होत्या.

मुलाने पुडकं उचललं आणि त्या माणसाच्या हातात ठेवलं. "आमाला न्हाय द्यायचं," तो म्हणाला. म्हाताऱ्याने त्याला काही सांगितलं नव्हतं. नुसती कागदं 20 हजारांना का जातात, हे त्याला समोरच दिसलं होतं.

चोरलेल्या जीपला मेलेल्या जीपचा नंबर ठोकतात. कागद खरे असतात, म्हणून रस्त्यात कुणी अडवलं तरी ती सुटते. पुढे तिच्यातून काय वाहिलं जाईल, ती कुणाला उडवून जाईल, ते विकणाऱ्याला कळत नाही. पण पोलीस येतात ते बुकावरच्या नावाच्या दारात. गाडी विकलेली असली तरी नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्यावर, असं सर्वोच्च न्यायालयानेही 2018 साली सांगितलं. मला वाटतं, म्हाताऱ्याने कायद्याचा एवढा विचार केला नसेल. ज्या नंबरावरून लोक त्याला ओळखत, पुरात ज्या नंबराची वाट बघत, तो नंबर वर लावून कुणी तिसराच रस्त्याने फिरणार, एवढंच त्याला नको होतं. वस्तूच्या वजनाहून जास्त पैसे कुणी देऊ लागला, तर त्या वस्तूबरोबर आपलं आणखी काय जातंय, हे विचारायला त्याला भट्टीने शिकवलं होतं.

पुढच्या आठवड्यात बापलेक जीपखाली बसले. म्हाताऱ्याने पॉलिश पेपरने गंज घासला, वर कागद धरला आणि शिसपेन्सिल आडवी करून चोळली. काळ्या रंगात पांढरे आकडे एकेक करून उमटले. ते बुकाशी ताडून पाहिल्यावर मुलाने करवतीने तो तुकडा कापला. थकलेला कर भरला, प्रतिज्ञापत्र केलं. गाडी कायमची निकामी झाली की 14 दिवसांत कळवायचं, असं 1988 च्या मोटार वाहन कायद्यात आहे. यांना कैक वर्षं झाली होती. सांगलीला हेलपाटे पडले. भंगारवाला थांबला.

नंबर रद्द झाला, तेव्हा त्याने जीप टोचन करून नेली. वजनकाट्यावर म्हातारा सोबत गेला. 31 हजारांच्या आसपास आले. बागेला ते पुरले नाहीत. उरलेल्यासाठी सोसायटीचं कर्ज काढावं लागलं आणि छाटणी आठवडाभर लांबली.

थोड्या दिवसांनी शेजारच्या गावचा एकजण आला. त्याच्याही अंगणात पुरात बुडालेली एक मोटार पडून होती.

"जीपचं किती आलं, दादा?" त्याने विचारलं.

"लोखंडाचं आलं," मुलगा म्हणाला, आणि आत जाऊन त्याच्यासाठी पॉलिश पेपर, शिसपेन्सिल आणि करवत घेऊन आला.